रानाची वही



घरातलं वडीलधारं माणूस गेलं की आपण भिंतीवर त्याचा फोटो लावतो. वर हार घालतो. फोटोत त्याचा चेहरा राहतो. पण त्याला जे ठाऊक होतं, ते कुठं राहतं? कोणती सात्या खायची आणि कोणती विषारी, हे फोटो सांगत नाही. ते ज्ञान माणसाबरोबर जातं.

आज एका वडीलधाऱ्या माणसाची आठवण काढायची आहे. त्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं नाही. त्यांचं नाव मारुती चितमपल्ली. लोक त्यांना अरण्यऋषी म्हणत.

त्यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला. रानाची पहिली ओळख त्यांना आईकडून झाली. पुढं ते वनखात्यात नोकरीला लागले. तीस वर्षांहून जास्त काळ ते रानात हिंडले. नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही आपल्या विदर्भातली जंगलं त्यांनी पायांखाली घातली. १९९० साली ते निवृत्त झाले.

नवेगावचं जंगल आपल्या गडचिरोलीच्या शेजारचंच. तिथं मोठा तलाव आहे. हिवाळ्यात तिथं दूरदूरची बदकं उतरतात. चितमपल्ली साहेब तिथं अधिकारी होते. पण धीवरांपुढं, गोंडांपुढं ते विद्यार्थी होऊन बसत. या पक्ष्याला तुम्ही काय म्हणता? हा कधी येतो? अंडी कुठं घालतो? असं विचारायचं, आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि वहीत टिपून ठेवायचं. ज्यांना ते विचारत, त्यांतल्या कितीकांना अक्षर येत नव्हतं. पण रान त्यांना पाठ होतं.

त्या टिपणांतून पुस्तकं झाली. एका पुस्तकाचं नाव ‘रातवा’. रातवा पक्षी तुम्ही पाहिला असेल. दिवसा तो जमिनीवर पाचोळ्यात बसतो. रंगही पाचोळ्याचाच. पायाशी असला तरी दिसत नाही. घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. रात्री उजेड पडला की त्याचे डोळे चमकतात. एवढं कळायला नुसती नजर पुरत नाही, धीर धरून बसावं लागतं.

त्यांनी पक्ष्यांचा कोश केला. त्यासाठी गावोगावची नावं गोळा केली. जिथं नाव नव्हतं तिथं नवं दिलं. एका झाडावर बगळ्यांची पुष्कळ घरटी असतात, त्या जागेला त्यांनी सारंगागार म्हटलं. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार म्हटलं. जुने ग्रंथ वाचता यावेत म्हणून ते संस्कृतही शिकले. २००६ साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. त्याच वर्षी १८ जूनला ते सोलापुरात वारले.

आता कोणी म्हणेल, हल्ली रानात कॅमेरे आहेत, मग वही कशाला? खरं आहे. ताडोब्यात झाडांना कॅमेरे बांधतात. वाघ समोरून गेला की आपोआप फोटो निघतो. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. त्यावरून वाघ ओळखतात आणि मोजतात. हे काम मोठं आहे. पण पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाईला तो कॅमेरा काही सांगत नाही. तिला सासूनं सांगितलेलं असतं : वानर खकरलं, चितळ ओरडलं, की टोपली तिथंच ठेव आणि मागं फीर. एकटी जाऊ नको. फार वेळ वाकून राहू नको. एवढ्या दोन शब्दांवर जीव वाचतो. सासू गेली आणि सुनेला कोणी सांगितलंच नाही, तर?

म्हणून ऐका. तुम्हाला आता अक्षर आलं आहे. अर्ज करायला, हिशेब तपासायला ते उपयोगी पडेलच. पण आणखी एक काम करा. घरात म्हातारा बाप असेल, आजी असेल, त्यांच्याजवळ बसा. एक वही घ्या. तेंदू कधी तोडावा, मोह कोणत्या साली कमी पडला, वाघ पाण्यावर कोणत्या वेळी येतो, कोणत्या पाल्यानं काय होतं, हे विचारा. एका दिवशी एकच गोष्ट लिहा. नाव आपल्याच बोलीत लिहा. गोंडी असो, माडिया असो, झाडी बोली असो, लाजू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल. नुसती ऐकलेली गोष्ट असेल तर ‘ऐकलेली’ लिहा, पाहिलेली असेल तर ‘पाहिलेली’ लिहा. चितमपल्ली साहेबांचीही सुरुवात अशा टिपणांनीच झाली.

शाळेत जाणारी पोरं असतील तर त्यांना रोज ते पान वाचून दाखवा. पोर पुढं विचारेल, हे कोणी सांगितलं? म्हणून पानाच्या वर तारीख घाला, आणि खाली सांगणाऱ्याचं नाव.