बसल्या बसल्या केलेला मफलर

(जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात बचतगटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला 'स्त्रियांचे श्रम' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा, म्हणून मी एक लहान वस्तू बरोबर आणली आहे. हा मफलर बघा. पिवळा-काळा, पट्ट्यापट्ट्यांचा, क्रोशाच्या सुईवर विणलेला. हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या.

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. माझा नातू शाळेच्या स्नेहसंमेलनात मधमाशी होणार होता. पिवळा सदरा, डोक्याला तारेची शिंगं आणि गळ्यात हा मफलर. मी चार रात्री बसून तो विणला. शाळेत त्याला कुणी तरी विचारलं, कुठून आणलास? तो म्हणाला, "आज्जीनं बसल्या बसल्या केला." लेकराचा दोष नाही. घरात जे ऐकलं तेच तो बोलला.

मफलर शाळेत आवडला. नाचातल्या बाकीच्या चोवीस पोरांसाठीही करून द्या, असा निरोप आला. एका मफलरचे दीडशे रुपये, लोकर आमचीच. मुदत बारा दिवसांची. आमच्या गटात आम्ही सहाजणी क्रोशा जाणणाऱ्या. प्रत्येकीच्या वाट्याला चार. भाव परवडतो का, हे एकीनंही विचारलं नाही. मीही नाही. आणि मी तर गेली कित्येक वर्षं बायकांच्या मजुरीवर भाषणं करते! एकजण म्हणाली, "काकू, नाही तरी रिकामंच बसतो की. तेवढंच मीठ-मिरचीला होतंय." मी मान डोलावली.

आता हे काम काय असतं ते ऐका. आधी वीस टाक्यांची साखळी घालायची. मग एकेका ओळीत वीस मुके खांब. चार ओळी पिवळ्या, चार ओळी काळ्या. रंग बदलताना जुन्या रंगाचा शेवटचा टाका अर्धा ठेवायचा आणि नव्या रंगाच्या लोकरीनं पुरा करायचा, नाही तर पट्ट्याची कड सरळ येत नाही. एकही टाका चुकला तर मफलर एका बाजूनं निमुळता होतो, मग उसवा आणि पुन्हा विणा. अशा सव्वाशेच्या आसपास ओळी. शेवटी लोकरीची सगळी टोकं आत ओवायची, दोन्हीकडे गोंडे लावायचे. आमच्यातल्या सरावलेल्या हाताला एका मफलरला सहा तास लागतात.

हे सहा तास कुठून काढले? दिवसा कापसाची वेचणी चाललेली. घरी आल्यावर चूल, पाणी, धुणं. सगळे निजल्यावर सुई हातात. एकीच्या वाट्याचे दोन मफलर शेवटपर्यंत राहिले, तेव्हा तिची सातवीतली मुलगी दोन दिवस शाळा बुडवून विणत बसली. मला हे कार्यक्रमाच्या दिवशी कळलं. मंचावर चिमुकल्या मधमाश्या नाचत होत्या. कामकरी माश्या साऱ्या माद्याच असतात, असं निवेदन करणाऱ्या बाई सांगत होत्या. लोक टाळ्या वाजवत होते. आणि माझ्या मनात एकच, दुसऱ्यांच्या लेकरांचं संमेलन साजरं व्हावं म्हणून आमचं लेकरू शाळा बुडवून घरी बसलं. त्या भावाला मान मीच डोलावली होती.

त्या रात्री मी हिशेब मांडला. चोवीस मफलरचे ३,६०० रुपये. एका मफलरला शंभर रुपयांची लोकर, म्हणजे २,४०० गेले. उरले १,२००. तास झाले १४४. तासाला आठ रुपये तेहतीस पैसे! त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला सदतीस रुपये.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. ती सांगायची, संध्याकाळी मुकादम ढिगाचं माप घ्यायचा. मापात मारलं तर बायका भांडायच्या. आजही वेचणीला किलोमागे भाव ठरतो, आणि काटा खोटा निघाला तर आपण शेतकऱ्याला सोडत नाही. मग मफलरलाच आपण गप्प का बसलो? कारण खडी आणि कापूस हे काम आहे, आणि विणणं हा रिकामपणाचा उद्योग, असं आपणच मानून बसलो आहोत. ज्याला माप नाही, त्यासाठी भांडायचं तरी कशावरून?

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. आपल्या तालुक्याच्या कडेनं, शहागडावरून जी गोदावरी वाहते, ती आंध्रात जिथे समुद्राला मिळते तिथे नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस विणायला शिकवलं. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषीनं तिथल्या बायकांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक लिहिलं. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास विणत होत्या, आणि हातात पडत होतं ते शेतमजुरीच्या किमान दराहून कितीतरी कमी. व्यापार पुरुषांच्या हाती. विणणाऱ्या बायकांना सगळे गृहिणी म्हणत, आणि गृहिणीचं काम म्हणजे फावल्या वेळातलं. मजुरी कमी ठेवायला एवढा एक शब्द पुरत होता.

आणि हा फावला वेळ आहे तरी कुठे? सरकारनं २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, २०२४ मध्ये पुन्हा केली. दुसऱ्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची बिनमोबदल्याच्या घरकामात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८. म्हणजे आपली मफलरची सुई हातात येते ती पावणेपाच तासांच्या घरकामानंतर.

पुढच्या वर्षी शाळेत वाघांचा नाच होता. पुन्हा निरोप आला. या वेळी आम्ही वही घेऊन गेलो. लोकर शंभर, सहा तासांचे रोजगार हमीच्या आदल्या वर्षीच्या दरानं दोनशे बावीस, म्हणून तीनशे वीस रुपये मागितले. बरीच घासाघीस झाली. शेवटी दहा मफलर दोनशे साठनं घेतले, बाकीचे कापडाचे तयार आणले. गटातल्या दोघी माझ्यावर रागावल्या. "तुमच्या हिशेबापायी आमचं काम गेलं," म्हणाल्या. त्यांचा राग खरा आहे. तासाला सव्वीस-सत्तावीस रुपये पडले, तेही रोजगार हमीपेक्षा कमीच. पण पोर कुणाचीच घरी बसली नाही. शाळा बुडवायची नाही, ही अट आम्ही आधी आपसात घातली होती.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगते. पहिली, वही ठेवा. विणकाम असो, वाती असोत, पापड असोत, किती तास लागले ते लिहा. दुसरी, भाव एकटीनं ठरवू नका. एकीनं दीडशेला होकार दिला की बाकीच्यांचं तोंड बंद होतं. तिसरी, घरी बसून करायच्या कामालाही कामगाराचे हक्क असावेत असा आंतरराष्ट्रीय करार १९९६ साली झाला आहे, क्रमांक १७७. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे.

विणणं सोडा असं मी म्हणत नाही. मला त्यात आनंद आहे, नातवाच्या गळ्यात मफलर बघून अजूनही जीव सुखावतो. आता तो माझ्याजवळ बसून साखळी घालायला शिकतो आहे. परवा वीस टाके घालता घालता तीनदा उसवलं. मग म्हणाला, "आज्जी, हे लई वेळखाऊ आहे."

मी म्हटलं, "हां, आता वहीत लिही, किती वेळ लागला ते."