दावा, पुरावा, दुवा



सहावी-सातवीच्या निबंधाच्या वह्या उघडून पाहा. "पूर्वीची माणसे शंभर वर्षे जगत." "मोबाइलमुळे सगळ्या मुलांचे डोळे बिघडले आहेत." "शास्त्रज्ञ असे सांगतात की..." कोण शास्त्रज्ञ, कुठे सांगितले, याचा पत्ता नसतो. आपण शुद्धलेखन तपासतो, अक्षराला शाबासकी देतो. पण हे कशावरून, असे क्वचितच विचारतो.

गंमत अशी की हीच मुले इतिहासाच्या तासाला 'इतिहासाची साधने' शिकत असतात. भौतिक, लिखित, मौखिक. सहावीत, सातवीत आणि पुन्हा आठवीतही. तिन्ही प्रकार घडाघडा म्हणून दाखवतात. तास संपला की ती साधने इतिहासाच्या पुस्तकातच राहतात. मराठीच्या वहीत येत नाहीत. ती तिथे यायला हवीत, एवढेच आज सांगायचे आहे.

पुराव्याने काय होते, हे दाखवायला शिवजयंतीइतके जवळचे उदाहरण नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा, असे बखरींच्या आधारे बराच काळ मानले जाई. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेल्या या टिपणात तिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' उजेडात आले आणि त्यातही तीच तिथी निघाली. घटनेनंतर फार उशिरा लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या काळाजवळचा कागद अधिक भरवशाचा. दोन निराळ्या ठिकाणचे कागद एकच सांगत असतील तर भरवसा आणखी वाढतो. बारा वर्षांच्या मुलाला हे नीट कळते.

आता वर्गात काय करावे? फळ्यावर तीन शब्द लिहावेत : दावा, पुरावा, दुवा. समजा, ऊसतोडीला जाणाऱ्या एखाद्या गावातल्या सातवीच्या मुलीने लिहिले, "दिवाळीनंतर आमचा वर्ग रिकामा होतो." हा झाला दावा. पुरावा बाईंच्या टेबलावरच आहे, हजेरीपट. नावे न लिहिता नुसते आकडे मोजायचे. समजा, सप्टेंबरात रोज सुमारे ३६ मुले येत होती आणि डिसेंबरात २४. आता 'रिकामा' हा शब्द तिचा तिलाच खटकेल. ती लिहील, "डिसेंबरात रोज येणारी मुले एक तृतीयांशाने कमी झाली." विधान लहान झाले, पण आता ते कुणाला खोडता येणार नाही.

खरी अवघड पायरी दुव्याची, म्हणजे पुरावा दाव्याशी जोडण्याची. हजेरीपट मुले आली नाहीत एवढेच सांगतो. का आली नाहीत, ते सांगत नाही. तापाची साथ असेल, लग्नसराई असेल. ऊसतोड हेच कारण म्हणायचे, तर त्या मुलांच्या घरी, शेजारीपाजारी विचारायला हवे. आकडा दिला की कारणही सिद्ध झाले, असे मुलांना वाटते. मोठ्यांनाही वाटते.

"आजीने सांगितले" हाही पुरावाच. मात्र तिने स्वतः पाहिले की कुणाकडून ऐकले, हे त्याच ओळीत यावे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आजी त्या कामाविषयी बोलते, तेव्हा ती साक्षीदार असते. शंभर वर्षांपूर्वीच्या पावसाविषयी बोलते, तेव्हा ती ऐकीव गोष्ट सांगत असते. दोन्ही लिहावे, फरक सांगून लिहावे.

"गुगलवर मिळाले" हे मात्र चालवून घेऊ नका. गुगल ही वाट झाली. माहिती कोणत्या गावची, ते हवे. कोणत्या संस्थेने दिली, कोणत्या वर्तमानपत्रात आली, तारीख कोणती? आणि दुसऱ्याची वाक्ये जशीच्या तशी घेतली असतील, तर ती अवतरणचिन्हांत.

अशाने निबंध रुक्ष होतील, अशी काही शिक्षकांना धास्ती वाटते. 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिताना आकडे कुणीच मागणार नाही. तिथे मुलाचे डोळे-कान पुरेत. पण 'मोबाइल : शाप की वरदान' लिहिणाऱ्याने निदान वर्गातल्या दहा जणांना विचारून तरी यावे.

शिक्षकांना एकच सुचवतो. दहा गुणांच्या निबंधात दोन गुण पुराव्याला ठेवून पाहा. आणि शोधता शोधता आपलाच दावा चुकीचा निघाला, असे एखाद्या मुलाने प्रामाणिकपणे लिहिले, तर ते दोन्ही गुण त्याला पूर्ण द्या. पुरावा पाहून मत बदलणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत, हे शाळेतच कळलेले बरे.