काचेच्या नळीतील राणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय काय, असे चिटणीससाहेबांनी विचारले तेव्हा मी ‘मुंग्या’ म्हणालो. ते हसले. मला त्याचे वाईट वाटले नाही. मुंगीचे बोलणे ऐकून हजरत सुलेमानदेखील हसले होते, हे तुम्ही मदरशात शिकलाच आहात. कुरआन शरीफची २७ वी सूरह ‘अन्-नम्ल’ म्हणजे मुंगी, हिच्याच नावाची आहे. तीत सैन्य येताना पाहून एक मुंगी इतर मुंग्यांना घरात शिरायला सांगते. अरबी मजकुरात तिच्यासाठी क्रियापद स्त्रीलिंगी आहे, आणि वारुळाबाहेर काम करताना दिसणाऱ्या सगळ्या मुंग्या माद्याच असतात, यावर काही वक्ते मोठे भाष्य करतात. मी भाषेचा शिक्षक असल्याने एवढेच म्हणेन की तो शब्दच व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे. विज्ञान निरीक्षणाने शिकावे.

तर निरीक्षणाकडे वळू. पहिले एक-दोन पाऊस झाले की दमट संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात. त्यांतली बरीच वाळवी असते. ती ओळखणे सोपे आहे: चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर दोऱ्यासारखी आणि मिशा कोपरातून दुमडलेल्या. मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, असे आपल्याकडे म्हणतात. नरांच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. ते थोड्याच दिवसांत मरतात. मादीच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे. शेकडो माद्यांना पक्षी, पाली आणि दुसऱ्या मुंग्या खाऊन टाकतात, पण जी वाचते ती जमिनीवर उतरून स्वतःचे पंख स्वतः गाळते आणि राणी होते.

सकाळी अंगणात, भिंतीच्या कडेने, पाठ फुगलेली पण पंख नसलेली एखादी मोठी मुंगी एकटीच लगबगीने फिरताना दिसली, तर ती बहुधा राणी समजावी. आपल्या काळ्या डोंगळ्याची राणी पाऊण इंचापर्यंत भरते. ती बिळासाठी जागा शोधत असते. बीळ सापडले की ती दार आतून बंद करते आणि पहिली पिले मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही, काही खातही नाही. उडण्यासाठी असलेले छातीतले स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते शरीरातच विरघळतात आणि त्यांवर ती स्वतः जगते व पिलांनाही भरवते. नराशी तिची भेट त्या एका उड्डाणातच होते. तेवढ्या पुंजीवर ती वर्षानुवर्षे अंडी घालते.

हे सारे आपल्याला काचेतून पाहता येते. साधी परीक्षानळी घ्या. एक तृतीयांश पाणी भरा. कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत घट्ट दाबा, म्हणजे तो ओला राहील पण गळणार नाही. राणीला आत सोडा आणि तोंडाला कोरडा बोळा लावा. हवा त्यातून जाते. नळी कागदात गुंडाळून अंधाऱ्या खणात ठेवा. आणि मग, मित्रांनो, हात आवरा! यातच सगळी कसोटी आहे.

पहिल्या वर्षी आम्ही नापास झालो. सातवीच्या मुलांनी तीन राण्या आणल्या होत्या. पहिलीने चौथ्या दिवशी अंडी घातली. मग काय, प्रत्येक मधल्या सुट्टीत नळी बाहेर, हातोहात फिरवणे, उजेडाकडे धरणे. नवव्या दिवशी अंडी दिसेनात. घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाते, हे मी वाचले होते, पण मुलांचा उत्साह पाहून मलाच ‘नको’ म्हणवले नाही. ती पुढे महिनाभरात मेली. दुसऱ्या नळीचा बोळा मी सैल बसवला होता. ती राणी बुडाली. तिसरी वाचली, कारण तिची नळी खणाच्या मागे गेली होती आणि आम्ही ती विसरलो होतो.

एकेचाळिसाव्या दिवशी तीत पाच मुंग्या होत्या. पहिल्या खेपेच्या मुंग्या नेहमीपेक्षा लहान असतात. आईजवळची शिदोरीच तेवढी. ज्याला आपण ‘मुंगीचे अंडे’ म्हणतो, ते पांढरे-पिवळसर बोंड म्हणजे खरे तर कोष, आणि पहिले कोष राणी स्वतः फाडते. आता मात्र खायला द्यावे लागते: टाचणीच्या टोकावर मध, आणि पिलांसाठी एखादा मेलेला डास. इथेही माझी चूक झाली. फवारा मारलेल्या खोलीतली माशी मी दिली आणि एका रात्रीत अकरांतल्या सहा मुंग्या गेल्या.

त्याच सुमारास एका विद्यार्थ्याचे आजोबा शाळेत आले. नळी पाहून म्हणाले, “मास्तर, जिला मारायची हदीसमध्ये मनाई आहे, तिला कोंडायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?” मी म्हणालो, “चाचा, ती स्वतःच कोंडून घेते.” ते म्हणाले, “ती दार स्वतः लावते नि स्वतः उघडते. तुमच्या नळीचे बूच कोण उघडणार?”

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी जाऊनही सापडले नाही. शेवटी मुलांसमोर ठरवले की ज्या आवारातून राणी आणली, तिथेच तिचे कुटुंब पुढच्या पावसाआधी सोडायचे, आणि एका वर्गाने एकच राणी ठेवायची. आजूबाजूची वारुळे नव्या कुटुंबाला जगू देतीलच असे नाही, हेही मी मुलांना सांगितले. चाचांना ते कितपत पटले, कोण जाणे. पण बूच उघडायच्या दिवशी ते आले होते.

हा छंद जुना आहे. इंग्लंडचे सर जॉन लबक हे पेढीवाले आणि पार्लमेंटचे सभासद. काचांच्या दोन तावदानांमध्ये माती घालून त्यांनी मुंग्या पाळल्या आणि १८८२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण मुंग्यांना जाणवतात, हे त्यांनीच दाखवले. उलट लाल उजेड त्यांना अंधारासारखाच. म्हणून नळीवर लाल जिलेटिनचा कागद लावला तर त्यांना त्रास न देता पाहता येते. त्यांची एक राणी जवळजवळ १५ वर्षांची होऊन १८८८ मध्ये मेली. युरोपातल्या एका काळ्या जातीची राणी तर माणसाच्या देखरेखीखाली २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

पण छंदाचा बाजार झाला की काय होते, तेही ऐका. २०२५ साली केनियात बेल्जियमचे दोन तरुण पकडले गेले. त्यांच्याजवळ सुमारे ५००० राण्या होत्या, दोन हजारांवर नळ्यांमध्ये, कापसाचे बोळे लावून. म्हणजे आपलीच ही कृती! न्यायालयाने प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा १ वर्ष कैद ठोठावली. एक राणी नेली म्हणजे एक होऊ घातलेले वारूळ नेले. शिवाय परक्या देशातली मुंगी सुटली तर काय अनर्थ होतो, हे अमेरिकेला विचारा. दक्षिण अमेरिकेतली लाल आगमुंगी १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबिल बंदरात जहाजांतून उतरली. ती तिथून अजून हटलेली नाही. तेव्हा बाहेरगावची राणी आणू नका, कोणी विकत देत असेल तर मुळीच घेऊ नका.

नळ्या प्रयोगशाळेच्या डावीकडच्या कपाटात धुऊन ठेवल्या आहेत. पाऊस पडला की प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरने एक न्यावी, मागे सही करावी. कापूस घरून आणावा, आणि नळी आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, खणातून बाहेर निघेल. किल्ली माझ्याकडे राहील.