सहाव्या महिन्याची शिल्लक



निजामाच्या राजवटीत दरबार आणि दफ्तर यांची भाषा उर्दू असताना, 1907 साली, केशवराव कोरटकरांसारख्या दूरदृष्टीच्या माणसांनी ज्या विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेचा पाया घातला, तिच्या सहवासाने हैदराबादच्या या जामबागेत मराठी अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. अशा ठिकाणी भरलेल्या या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. मात्र अध्यक्षाने भाषेच्या भवितव्याविषयी चार गंभीर शब्द बोलावेत ही प्रथा मी आज मोडणार आहे. जी मुले उद्या ही भाषा बोलणार आहेत, त्यांच्या रक्तात आज लोह पुरेसे आहे की नाही, हा प्रश्न मला त्याहून आधीचा वाटतो.

पूर्ण दिवसांचे, तीन किलो वजनाचे मूल जन्मास येते तेव्हा वजनाच्या दर किलोमागे सुमारे 75 मिलिग्रॅम, म्हणजे एकंदर सव्वादोनशे मिलिग्रॅम लोह ते मातेच्या उदरातून बरोबर घेऊन येते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या ज्या तांबड्या पेशी मोडतात, त्यांतले लोहसुद्धा वाया न जाता कोठारात जमा होते. ही बेगमी निसर्गाने मोठ्या हिशेबीपणाने केलेली आहे. परंतु तिला मुदत आहे. मुलाचे वजन दुप्पट होते, रक्त वाढते, आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास शिल्लक संपत येते. जे मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मते, त्याचा खजिना मुळातच लहान असल्याने तो सहाव्या महिन्याच्याही आधी रिकामा होतो, आणि त्याला वैद्याच्या सल्ल्याने लोहाचे थेंब लवकर सुरू करावे लागतात. प्रसूतीनंतर नाळ घाईने न बांधता निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेही याच कारणासाठी. त्या एका मिनिटात वारेतले रक्त मुलाकडे वाहते आणि पुढील कित्येक आठवड्यांची तरतूद होते.

आता खर्चाची बाजू पाहा. सहा महिन्यांनंतर मुलाच्या शरीरात रोज पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह प्रत्यक्ष शोषले जावे लागते. मातेच्या लिटरभर दुधात असते जेमतेम एक तृतीयांश मिलिग्रॅम. त्यातले निम्मे अंगी लागते, आणि हे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही अन्नाला क्वचितच साधते, तरीही गरज आणि पुरवठा यांत तूट राहतेच. ही तूट मातेचा दोष नव्हे, दुधाचाही नव्हे. माता अहळिवाचे लाडू कितीही खावो, तिच्या दुधातील लोह त्याने वाढत नाही. ते लाडू तिच्या स्वतःच्या झिजलेल्या अंगाला हवेतच, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत या देशातील गरोदर स्त्रियांपैकी 52.2 टक्के पंडुरोगी आढळल्या. परंतु या तुटीचे निमित्त करून जो कोणी मातेला ‘तुमचे दूध आता पाण्यासारखे झाले’ असे सांगतो, तो तिच्यावर घोर अन्याय करतो. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, आणि पुढे मूल दोन वर्षांचे होईपर्यंत व त्याहूनही अधिक काळ इतर अन्नाबरोबर तेच दूध, या सल्ल्यात यत्किंचितही फेरफार करण्याचे कारण नाही.

फेरफार व्हावयास हवा तो आपल्या वाटीत. धर्मशास्त्राने अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला आणि आधुनिक शास्त्र त्याच महिन्याशी येऊन थांबले, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. परंतु उष्टावणाच्या दिवशी मामाच्या हातून चांदीच्या वाटीतील खीर चाटवली, औक्षण झाले, पंगत उठली, की दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या वाट्यास काय येते? वरणावरचे पाणी, भाताची निवळ पेज, आणि फडक्यातून गाळून चोथा टाकलेले नाचणीचे सत्त्व, ज्याच्या चोथ्याबरोबर खनिजांचा मोठा भाग निघून जातो. आजीच्या मायेत उणेपणा नसतो. ‘पोटाला हलके’ हा एकच निकष तिच्यासमोर असतो. मुलाच्या पोटात एका वेळी दीडदोनशे मिलिलिटरपेक्षा फारसे मावत नाही, आणि ती जागा पाण्याने भरली तर अन्नाला उरत नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम 46 टक्के मुलांना दुधाबरोबर घट्ट अथवा निमघट्ट अन्न मिळत होते, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी शेकडा 11 होती.

व्यवसायाच्या आरंभकाळातील एक मूल मी विसरलेलो नाही. चौदा महिन्यांचे, गुबगुबीत, गालांना बाळसे. घरात दुभते असल्यामुळे दिवसाकाठी लिटरभर म्हशीचे दूध पिणारे, आणि दुधाने पोट भरलेले असल्याने वाटीला तोंड न लावणारे. ते भिंतीचा चुना खरवडून खात असे, अंगणातली माती तोंडात घालीत असे, आणि घरची मंडळी कौतुकाने त्यात बाळकृष्णाची लीला पाहत. हाताचे तळवे कागदासारखे पांढरे होते. आधी ज्या दवाखान्यात त्याला नेले होते तेथे जंताचे औषध देऊन बोळवण झाली होती. मीही पहिल्या भेटीत त्याच्या बाळशावर विश्वासलो, ही माझी चूक होती, आणि तळवे उलटून पाहिले ते दुसऱ्या खेपेस. दूध अर्ध्यावर आणले, लोहाचे औषध दिले, घरचे वरणभात व पालेभाजी सुरू झाली, आणि काही आठवड्यांत माती खाणे आपोआप थांबले. गाईचे काय, म्हशीचे काय, दुधात लोह नावालाच असते; शिवाय वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यातून गाईच्या दुधाने डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो. लोहाची उणीव केवळ रक्तापुरती राहत नाही, म्हणून मी इतक्या कळकळीने बोलतो आहे. कोस्टारिका देशात ज्या अर्भकांना ही उणीव दीर्घकाळ आणि तीव्र झाली होती, ती एकोणीस वर्षांची होईपर्यंत अभ्यासकांनी त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा बुद्धीच्या कसोट्यांत ती इतरांच्या मागेच राहिलेली दिसली. रक्त भरून निघाले होते. मेंदूच्या घडणीची ती वेळ मात्र निघून गेली होती.

आणि लोहाची ही उणीव हैदराबादेतल्या मुलांत आढळावी, याचे मला विशेष दुःख आहे. 1918 साली कुन्नूर येथे मॅकॅरिसन साहेबांनी जे लहानसे संशोधनकार्य आरंभिले, त्याची संस्था 1958 साली या शहरात आली आणि 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने तारनाक्यास उभी आहे. तिने कुपोषित मुलांसाठी सिद्ध केलेल्या मिश्रणाला साऱ्या देशातील वैद्य ‘हैदराबाद मिक्स’ म्हणून ओळखतात: भाजलेले गहू 40 ग्रॅम, हरभरा 16, शेंगदाणे 10 आणि गूळ 20, त्यांतून 330 कॅलरी आणि 11 ग्रॅमवर प्रथिने मिळतात. यात असे काय आहे जे आपल्या फडताळात नाही? त्याचा मुख्य हेतू उष्मांक आणि प्रथिने हा होता, लोह नव्हे. परंतु धान्य, डाळ व शेंगदाणा एकत्र भाजून दळण्याची युक्ती आपल्या घरात बसल्या जागी साधते. नाचणी किंवा बाजरी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर लोहाला अडवून धरणारे फायटेट कमी होते, आणि मोडाच्या पिठाचा एक चमचा घट्ट खिमटीत घातला की ती पाणी न घालताच सैल होते. धान्यातले लोह अंगी लागण्यास आंबट फळाची साथ लागते. या मोहल्ल्याच्या नावात जाम आहे, आणि दखनीत जाम म्हणजे पेरू. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. बिया काढलेला मऊ गर जेवणासोबत भरवा, आणि चहाचा घोट मात्र चुकूनही नको. ज्या घरांत मांसाहाराला मज्जाव नाही, तेथे कलेजी, खिमा, मासळी सहाव्या महिन्यापासून कुस्करून द्यावी. त्यातले लोह धान्यातल्या लोहापेक्षा कितीतरी अधिक सहज शोषले जाते, आणि ‘मूल मोठे झाल्यावर’ म्हणून ते लांबणीवर टाकण्यास कोणताही आधार नाही.

सरकारदरबारी काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा, 20 मिलिग्रॅम लोह व 100 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेले एक मिलिलिटर औषध मिळावे, अशी योजना आहे. अंगणवाडीतून बालामृतम् नावाचे पूरक अन्न मिळते. आणि 1992 च्या कायद्याने बालकांच्या डबाबंद अन्नाच्या जाहिरातीला बंदी आहे. तरी 2019-21 मध्ये तेलंगणातील सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलांत शेकडा 70 पंडुरोगी निघाली, महाराष्ट्रात 68.9. बोटाच्या रक्ताऐवजी शिरेच्या रक्तावर झालेल्या 2016-18 च्या पाहणीत देशातील एक ते चार वर्षांच्या मुलांत हा आकडा 41 आला, आणि लोहाची उणीव 32 टक्क्यांत आढळली. मोजणीच्या पद्धतीवर विद्वानांनी अवश्य वाद घालावा. तीन मुलांतील एक, हा आकडादेखील मला झोप लागू देत नाही. प्रत्येक पंडुरोग लोहाच्याच उणिवेचा नसतो हेही खरे, म्हणून औषधाने महिनाभरात गुण न आल्यास रक्ताची पुढील तपासणी टाळू नये.

या परिषदेपुढे माझी एकच मागणी आहे. ठरावांच्या बाडात आणखी एका ठरावाची भर न घालता एक साधी पत्रिका मराठीत आणि तेलुगूत छापा. तिच्यावर इतकेच असू द्या: सहा महिने पुरे झाले की दिवसातून दोन-तीन वेळा दोन-तीन चमचे, पुढे नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा अर्धी वाटी, अन्न इतके घट्ट की चमचा कलता केल्यावर ओघळू नये, त्यात रोज डाळ, पाला, आणि चालत असल्यास अंडे अथवा मांस, जेवणासोबत आंबट फळ, अंगावरचे दूध चालूच, वर्षाच्या आत वरचे दूध पिण्यास नको. उष्टावणाचे आमंत्रण जेथे जेथे आपल्याला येईल तेथे अहेराबरोबर ती पत्रिका घेऊन जा, आणि मुलाच्या आईच्याही आधी ती त्याच्या आजीच्या हाती द्या.