स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या अभियंता बंधू-भगिनींनो,

गणपतीच्या सांगलीत आपले मनःपूर्वक स्वागत!

पादचारी आणि सायकलस्वारांच्या पुलांवरची परिषद सांगलीतच का, असे काहींनी विचारले. अहो, पुलावर इतका जीव लावणारे गाव दुसरे दाखवा! आमचा आयर्विन पूल १९२९ सालचा. कृष्णेच्या पुराची फूटपट्टी तोच. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. पावसाळ्यात सांगलीकर भेटला की रामराम राहतो बाजूला, आधी विचारतो, "आयर्विनला किती?"

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे 'सीतास्वयंवर' केले, हे शाळकरी पोरही सांगेल. पण भावे लाकडी बाहुल्या घडवणारे कसबी कारागीर होते, याचा गावालाही विसर पडला. लाकडाचे सांधे बसवायचे, दोऱ्या ताणायच्या, तोल सांभाळायचा. आपला झुलता पूल तरी वेगळे काय करतो? म्हणून भाव्यांना मी आपल्याच क्षेत्रातले मानतो. त्यांच्यावर एकही सत्र नाही, ही माझी प्रेमळ तक्रार.

मी हळदीचा व्यापारी. आपल्या विषयात माझी मजल बेताची. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली उघडला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी असा डुलू लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला, असे वाचले. आपल्याकडचे कित्येक पादचारी पूल डुलत नाहीत, कारण त्यांवर कोणी चढतच नाही! दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकल जिन्याने कशी न्यायची? गुडघे धरलेली आजी दोन मजले का चढेल? ती आपली पदर सावरत गाड्यांमधूनच जाते. तेव्हा डोक्यावर छप्पर नसले तरी चालेल, पण चढ सौम्य ठेवा.

आता व्यवस्थेविषयी. निवासाच्या काही खोल्यांत सकाळी गरम पाणी उशिरा आले, पंखे आवाज करतात, ध्वनिक्षेपक मधूनच रुसतो. आपण पाहुणे, आम्ही यजमान. उणे ते आमचे, पदरात घ्यावे. हळदबाजारातले व्यापारी बंधू, बेदाणा उत्पादक, सराफ मंडळी, मांडववाले, आचारी आणि रात्रभर राबलेले विद्यार्थी स्वयंसेवक, या सर्वांचे ऋण मोठे आहे. देणगीदारांची नावे स्मरणिकेत आहेत. एखादे राहून गेले असेल, तर कृपया रागावू नये. चहाच्या वेळी मला गाठावे, समारोपात जाहीर करू.

प्रत्येकाच्या पिशवीत हळद, बेदाणे आणि भडंग आहे. भडंग आत्ताच फोडू नये, सभागृहात आवाज होतो. अध्यक्षांनी कामकाज सुरू करावे, ही विनंती. नमस्कार.