डोंगर मोठा, पण पाणी किती?

शेततळ्याचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "एवढा मोठा डोंगर पाठीशी आहे, पाण्याला काय तोटा!" आज या वाक्याचाच हिशेब करू. तळ्यासाठी कर्ज काढायचं, तर त्यात पाणी किती येणार हे आधी कळायला हवं.

पाऊस मोजणं सोपं आहे. सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवा. त्यात 20 मिलिमीटर पाणी साचलं, की 20 मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एकरात 4,047 चौरस मीटर असतात. म्हणजे अशा एका पावसात एकरावर सुमारे 80,000 लिटर पाणी पडतं. पण पडलेलं सगळं वाहत नाही. समजा दहावा हिस्सा तळ्यापर्यंत आला, तर हाती लागले 8,000 लिटर. आणि 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल, उतरत्या कडांचं तळं भरायला जवळजवळ 22 लाख लिटर लागतात. म्हणजे 27 एकरांचा उतार हवा आणि तसे दहा पाऊस हवेत. उन्हानं उडून जाणारं पाणी यात धरलेलंच नाही.

मग 27 ऐवजी 270 एकर धरले, तर दहापट पाणी येईल का? कोकणात कदाचित जवळपास येईल. आपल्या कोरड्या मुलखात नाही. पाणलोट जेवढा मोठा, तेवढं दर एकरामागं हाती येणारं पाणी कमी.

असं का होतं? आपला पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो. लहान उतारावर सर आली तर सगळीकडे येते, मोठ्या पाणलोटात अर्धा भाग कोराच राहतो. शिवाय सर येते अर्ध्या तासाची. वरचं पाणी खाली पोचायच्या आत पाऊस थांबलेला असतो. मग वाटेतली सपाट रानं, भेगाळलेली काळी माती आणि ओढ्यातली वाळू ते पिऊन टाकते. कोकणात पावसाळ्यात जमीन तुडुंब असते, तिथं जमीनच ओढ्याला पाणी देते. आपल्याकडे ओढा जमिनीला पाणी देत जातो.

ही गोष्ट जुन्या लोकांनी ओळखली होती. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात अवदात नावाचं ठिकाण आहे. वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस, तरी तिथं दोन हजार वर्षांपूर्वीच्या नबाती लोकांच्या काळापासून शेती झाली. एका एकर शेताला वीस-तीस एकर उतार राखलेला असे. पण तो सगळा उतार एकाच ओढ्यावर सोडलेला नव्हता. लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाचं पाणी वेगळ्या चरानं आपापल्या शेतात नेलेलं होतं. मायकेल एवेनारी आणि त्यांच्या सोबत्यांनी गेल्या शतकात ती शेतं पुन्हा उभी केली, पाणी मोजलं. लहान तुकडे दर एकरी जास्त पाणी देतात, हे त्यांच्या मोजणीतही दिसलं. मग त्यांनी झाडागणिक छोटासा उतार राखून पाहिला, तुकड्याच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक झाड. आपण सीताफळाला अर्धचंद्र बांध घालतो ना, त्याच जातीचं काम.

आपल्याकडे पुरंदर तालुक्यात नायगावला 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची 16 हेक्टर उजाड जमीन घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला. पाणी पडलं तिथंच धरलं. पुढं त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली.

आता एक गोष्ट नीट ऐका. वाटेत मुरलेलं पाणी तळ्याला मिळत नाही, पण ते वाया गेलं असंही नाही. त्यातलं बरंचसं विहिरींना लागतं. तेव्हा गटानं आधी ठरवावं, आपल्याला काय हवंय? विहिरी भरायच्या असतील तर ओढ्यावर लहान बांध बरे. झाडं जगवायची असतील तर उतारावरच पाणी अडवा. तळं हवंच असेल, तर ते जवळच्या, चढाच्या, मुरमाड उताराखाली घ्या आणि त्या उताराला पेलेल एवढंच खोदा. लांबचा ओढा वळवून आणायचा बेत माझ्या मते आतबट्ट्याचा.

आणि वरच्या आळीनं सगळं अडवलं, तर खालच्या वस्तीच्या ओढ्याला काय उरेल? म्हणून तळ्याची जागा ठरवाल त्या दिवशी खालच्या वस्तीतल्या बायांनाही बोलवा. तोवर दोन पाऊस पाहून घ्या. डब्यातलं पाणी वहीत मांडा, आणि सर थांबल्यावर एकीनं घळीच्या तोंडाशी, दुसरीनं गावओढ्याच्या पुलाशी जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघून या.