डॉ. चित्रा नाईक : वेळेला दोष, माणसाला नव्हे
(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या सर्वेक्षणासाठी गुरुजी घरोघर जातात, निरक्षरांची नावे टिपून घेतात. पण वर्ग भरला की त्यांतील पुष्कळजण फिरकत नाहीत. मग ‘लोकांना शिक्षणाची आस्था नाही’ असा शेरा सहज लिहिला जातो. ज्यांचे कार्य म्हणजे या शेऱ्याला दिलेले उत्तरच होय, अशा एका विदुषींचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

डॉ. चित्रा नाईक यांचा जन्म १९१८ साली पुण्यात झाला. अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे कार्य करीत त्या राज्याच्या शिक्षण संचालकपदापर्यंत पोहोचल्या. त्यांचे पती जे. पी. नाईक यांनी १९४८ साली मुंबईत स्थापिलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ साली पुण्यास आली. या संस्थेतच बाईंचे उत्तरायुष्यातील मोठे काम झाले. १९८६ साली त्यांना पद्मश्री व १९९३ साली युनेस्कोचे कोमेनियस पदक मिळाले. २०१० साली त्या निवर्तल्या.

मानसन्मानांपेक्षा खेड्यातील शिक्षकाच्या कामी येणारी गोष्ट निराळी आहे. १९७९ साली संस्थेने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत एक प्रयोग आरंभिला. दिवसा गुरे राखणारा मुलगा किंवा धाकटे भावंड कडेवर घेऊन घर सांभाळणारी मुलगी साडेदहाच्या घंटेला येणार तरी कशी? तेव्हा घंटाच हलविण्यात आली. वर्ग रात्री भरू लागले आणि शिकविणारी माणसे गावातलीच घेतली. मुलींचा त्यात मोठा भरणा होता. ज्यांच्याविषयी आईबापांना आस्था नाही असे म्हटले जाई, त्याच या मुली!

हल्ली ज्याला समुपदेशन म्हणतात, त्याचे मूळ येथे सापडते. उपदेश करण्यापूर्वी घरची अडचण ऐकून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या शिक्षकवर्गाला बोलण्याची सवय अधिक, ऐकण्याची थोडी. हे धंद्याचे वळणच आहे म्हणा.

याच संस्थेचे एक केंद्र म्हणून १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्री. शे. कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तेथे शेती, जोडकाम, बांधकाम करता करता शिकू लागली. पुस्तकात न रमलेला मुलगा हातात पाना आल्यावर मापे व हिशेब मन लावून करतो, हे पाहावयास शिरूरकरांना दूर जावे लागत नाही.

दौंडच्या बागायती पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोडणीची कुटुंबे उतरतात. पहाटे फडात गेलेली बाई सायंकाळी चूल पेटविते. तिला सायंकाळी सहाचा वर्ग ठरवून देणे म्हणजे न येण्याचीच सोय करणे होय. सर्वेक्षणाला जाताना प्रत्येक नावापुढे ‘कोणत्या वेळी मोकळीक असते’ हे विचारून लिहावे. कागदात तसा रकाना नसल्यास समासात पेन्सिलीने आखून घ्यावा, आणि वर्गाची वेळ त्यानंतरच ठरवावी.